पिवळी मारबत पडद्यावर मळकट का दिसते?

प्रश्न : आम्ही प्रतापनगर भागातले दहा-बारा हौशी फोटोग्राफर, बहुतेक निवृत्त. महिन्यातून एका रविवारी आमच्या फ्लॅट स्कीमच्या हॉलमध्ये जमतो आणि आळीपाळीने सहलीचे फोटो दाखवतो. प्रोजेक्टर किरायाने आणतो. मे महिन्यात मी लोणार आणि मेळघाटचे २१४ फोटो दाखवले. संध्याकाळी सहाला सुरुवात, पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावलेला, प्रत्येक फोटोला १० सेकंद, मागे जुनी गाणी. ३८ मिनिटं लागली. फोटो बदलताना अडखळत होते, घरच्यापेक्षा काळपट दिसले, उभे फोटो तर एवढेसे. अर्ध्यात लोक मोबाइल पाहू लागले. त्याआधी एका सदस्याने मारबतीचे, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवून गावाबाहेर जाळतात त्या काळ्या-पिवळ्या पुतळ्यांचे, फोटो दाखवले होते, त्यात पिवळी मारबत चक्क मळकट दिसली. माझ्याकडे मारबतीचे तीन वर्षांचे सुमारे १,४०० फोटो आहेत. दिवाळीनंतर दाखवायचे आहेत. काय बदलू?
– एक निवृत्त शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, तुमच्याच आकड्यांपासून सुरू करू. २१४ फोटो गुणिले १० सेकंद म्हणजे ३५ मिनिटं ४० सेकंद. लागली ३८. वरची २ मिनिटं २० सेकंद अडखळण्यात गेली, दर फोटोमागे साधारण दोन तृतीयांश सेकंद. एवढंसं अडखळणं एकदा झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही, २१४ वेळा झालं की माणूस त्रासतो आणि कशाने त्रासला हे त्याला सांगताही येत नाही.

अडखळायला कारण पेन ड्राइव्ह आणि फोटोंचा आकार. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल. फाइल ८-१० एमबीची दिसते, पण पडद्यावर आणण्याआधी लॅपटॉपला ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर ती मेमरीत सुमारे ७२ एमबी जागा खाते. एवढी मेहनत करून दिसतं किती? प्रोजेक्टर फुल एचडी असेल तर त्याची चौकट १९२० × १०८० पिक्सेलची, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल. दर दहा सेकंदांनी २४ मेगापिक्सेल उकलायचे आणि त्यातले २२ टाकून द्यायचे, असा तो कारभार चालला होता.

म्हणून क्रम उलटा करा. आपण सगळे आधी फोटो निवडतो आणि शेवटच्या दिवशी प्रोजेक्टर आणायला जातो. तुम्ही आधी प्रोजेक्टर ठरवा. किरायाने देणाऱ्याला ‘एचडी आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणेल. ‘नेटिव्ह रिझोल्यूशन किती’, म्हणजे यंत्राचे स्वतःचे पिक्सेल किती, असं विचारा. उत्तर बहुधा तिनांपैकी एक येईल : १०२४ × ७६८, १२८० × ८०० किंवा १९२० × १०८०. डब्यावर ‘सपोर्ट्स फुल एचडी’ लिहिलेलं असलं तरी भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच की मोठा सिग्नल तो घेतो आणि आतल्या आत लहान करून दाखवतो. दुसरा प्रश्न उजेडाचा : लुमेन (यंत्र टाकतं त्या उजेडाचं माप) किती, आणि ते ‘अन्सी लुमेन’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, आहेत का? ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर हजारोंचे आकडे छापलेले असतात, त्यांचा या मापाशी काही संबंध नसतो. तिसरा प्रश्न : यंत्र डीएलपी आहे की थ्री-एलसीडी? मारबतीसाठी हाच सगळ्यांत महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो.

चौकट कळली की फोटोंच्या वेगळ्या प्रती करा. मूळ फोटोंना हात लावायचा नाही. डार्कटेबल, जिम्प, लाइटरूम, इरफानव्ह्यू, जे येत असेल ते वापरा. फुल एचडीसाठी प्रत्येक प्रतीची उंची १०८० पिक्सेल ठेवा. कॅमेऱ्याचा ३:२ प्रमाणातला आडवा फोटो मग १६२० × १०८० होतो, मोबाइलचा ४:३ मधला १४४० × १०८०. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, राहू द्या. पट्ट्या घालवायला फोटो ताणला की माणसं जाड दिसतात आणि वरून कापला की मारबतीचं डोकं जातं. रंगांसाठी एसआरजीबी हे नेहमीचं प्रमाण निवडा. कॅमेऱ्यात ॲडोबी आरजीबी लावलेलं असेल आणि फोटो तसाच दाखवला, तर रंगांची ओळख न ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये कुंकू विटकं दिसतं. जेपीईजीची क्वालिटी ९० पुरे. आकार लहान केल्यानंतर, आधी नव्हे, हलकं शार्पनिंग द्या. जास्त दिलंत तर मेळघाटचा पाचोळा पडद्यावर मुंग्यांसारखा वळवळतो. आता एका फोटोची फाइल एमबीच्या आसपास येईल. सगळा संच लॅपटॉपच्या डिस्कवर ठेवा, पेन ड्राइव्ह फक्त खिशात, दगाफटका झाला तर असावा म्हणून.

उभ्या फोटोंचं गणित वाईटच आहे. १०८० उंचीत उभा फोटो ७२० रुंद होतो, म्हणजे पडद्याच्या रुंदीतला ३७ टक्के. आडवा, उभा, आडवा, उभा असं लावलं की डोळे सारखे आकसतात-पसरतात. उपाय दोन : उभे सलग तीन-चार एकत्र आणा, किंवा दोन उभे शेजारी ठेवून एकच चौकट करा. ७२० दुणे १४४०, मध्ये चाळीसेक पिक्सेलची फट. जोडी मात्र जमली पाहिजे, दोघांची नजर एकमेकांकडे किंवा आत, बाहेर नको. हल्ली बाजूच्या रिकाम्या जागेत त्याच फोटोची धूसर मोठी प्रत भरायची पद्धत निघाली आहे. टीव्हीच्या बातम्यांत चालते, फोटोग्राफरच्या कार्यक्रमात नको.

आता काळपटपणा. तुमच्या फोटोंत बहुधा काहीही बिघडलेलं नव्हतं. मेच्या मध्यावर नागपुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. तुम्ही सहाला सुरू केलंत, म्हणजे कार्यक्रम संपला तेव्हाही खिडक्यांतून उजेड येत होता. आणि प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. जिथे तो काही टाकत नाही तिथे पडदा खोलीतल्या उजेडात जसा दिसतो तसाच दिसतो. पडद्यावरचा ‘काळा’ म्हणजे तुमच्या हॉलचा राखाडी.

आकड्यांत पाहा. ३,००० लुमेनचा प्रोजेक्टर, पण किरायाचा, दिवा बराच वापरलेला आणि इको मोडवर. हातात १,८०० लुमेन पडले असं धरू. चित्र २.४ मीटर रुंद केलं तर क्षेत्रफळ सव्वातीन चौरस मीटर होतं आणि पडद्यावर साधारण ५५० लक्स (दर चौरस मीटरला तेवढे लुमेन) उजेड पडतो. हॉलमध्ये खिडक्या-ट्यूबलाइटचा १०० लक्स असेल तर सगळ्यांत उजळ आणि सगळ्यांत गडद भागांत फरक राहतो साडेसहा पटींचा. एवढ्यात जंगलाची सावली कुठून दिसणार? तेच चित्र १.८ मीटर रुंद केलं तर क्षेत्रफळ जवळपास निम्मं होतं आणि पडद्यावरचा उजेड हजार लक्सच्या घरात जातो. खोलीचा उजेड १० लक्सवर आणला तर फरक शंभर पटींच्या आसपास पोचतो. प्रोजेक्टर तोच, फोटो तेच. पडदा मोठा करायचा मोह आवरणं आणि दिवे विझवणं, एवढ्याने जे होतं ते फोटो पुन्हा एडिट करून होत नाही.

दिवाळीनंतरची वेळ तुमच्या बाजूची आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे साडेसहाला हॉल आपोआप अंधारलेला असेल. जिन्यातला आणि पार्किंगमधला दिवा काचेतून आत येतो का, एवढं पाहून घ्या, येत असेल तर त्या काचेला तपकिरी कागद चिकटवा. उन्हाळ्यातले कार्यक्रम मात्र साडेसातच्या आत सुरू करू नका. कूलरचंही भान ठेवा. पडदा म्हणून चादर टांगली असेल तर कूलरच्या झोताने ती हलते आणि सगळं चित्र श्वास घेतल्यासारखं दिसतं. दमट हवा थेट प्रोजेक्टरवर जाऊ देऊ नका. चादरीतून बराच उजेड मागे निघून जातो, तेव्हा मागे काळं कापड लावा. त्यापेक्षा पांढरी सपाट भिंत बरी, क्रीम रंगाची असेल तर सगळं जरा पिवळट दिसेल हे धरून चाला.

पिवळ्या मारबतीकडे वळू. किरायाचे बहुतेक लहान प्रोजेक्टर एका चिपचे डीएलपी असतात. त्यांत दिव्यासमोर रंगीत काचांचं चाक गरगर फिरतं. उजेड जास्त वाटावा म्हणून त्या चाकात लाल, हिरव्या, निळ्याच्या जोडीला एक बिनरंगी पाकळी बसवलेली असते. पांढरं दाखवताना ती पाकळी कामाला येते, म्हणून पांढरं लख्ख उठतं. गडद पिवळं दाखवताना ती पाकळी निरुपयोगी. परिणाम असा की आजूबाजूचे पांढरे सदरे झगमगतात आणि त्यांच्या मानाने पिवळा मंद पडतो. मंद पडलेला पिवळा डोळ्याला पिवळा वाटतच नाही, मोहरीच्या चटणीसारखा किंवा शेवाळलेला वाटतो. त्यात यंत्र ‘ब्राइट’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असेल तर सगळ्यावर हिरवट झाकही चढते. तुमच्या सदस्याच्या फोटोंचं हेच झालं असावं.

यावर उपाय असा. प्रोजेक्टरचा मोड ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘एसआरजीबी’ करा. मेनूत ‘ब्रिलियंट कलर’ असेल तर तो सगळ्यांत खाली आणा. चित्र एकूण मंद होईल, म्हणूनच वर अंधार आणि लहान पडद्याचा आग्रह धरला. थ्री-एलसीडी प्रोजेक्टर मिळाला तर हा प्रश्न येतच नाही, त्यात तिन्ही रंगांना वेगळं पॅनेल असतं. काळी मारबत मात्र दोन्ही प्रकारांत छळते, कारण तिचं सगळं अंग नेमकं त्या गडद टोकाला असतं जिथे प्रोजेक्टर लंगडा. तिच्या फोटोंत शॅडो, म्हणजे गडद भाग, उचला. किती, ते अंदाजाने ठरवू नका. एक चाचणीपत्र बनवा : काळ्या पार्श्वभूमीवर ०, १०, २०, ३०, ४०, ५० आणि ६० अशा करड्या छटांचे (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) सात चौकोन. आठवडाभर आधी तोच प्रोजेक्टर त्याच हॉलमध्ये लावा आणि पाहा. तिसापर्यंतचे चौकोन एकमेकांत मिसळून गेले तर काळ्या मारबतीच्या अंगावरचे तपशील तिसाच्या वर उचलून ठेवा, म्हणजे चेहरा, दागिने, साडीच्या कडा दिसतील. लॅपटॉपवर तो फोटो किंचित धुतल्यासारखा वाटेल. वाटू द्या, तुम्ही तो लॅपटॉपसाठी बनवत नाही. आणि एडिट करताना लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवू नका. तशी ठेवली की फोटो तिथे बरे दिसतात म्हणून आपण ते गडदच ठेवतो आणि पडद्यावर पोचेपर्यंत त्यांचा कोळसा होतो.

आता निवड. लोक मोबाइल पाहू लागले त्याचं खरं कारण इथे आहे, आणि यंत्र सुधारून ते जाणार नाही.

पूर्ण कार्यक्रमाला दहा मिनिटं हा अंदाज धरा, बारा म्हणजे कडेलोट. सोबत तुम्ही बोलणार असाल तर दहा मिनिटांत ४० फोटो. न बोलता ध्वनीवर चालणारं असेल तर ७० ते ८०. लोणारचं उदाहरण घ्या : काठावरून पाण्याकडे पाहणारे फोटो तुमच्याकडे पंधरा-वीस तरी असणार. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, काठावर उभं राहिलं की छाती दडपते, आणि नेमकं तेच वाइड लेन्सच्या फोटोत हरवतं, तिथे ते गावतळ्यासारखं दिसतं. म्हणून हात दुसऱ्या, तिसऱ्या फोटोकडे जातो. पण पंधरा दाखवून मोठेपणा पोचत नाही. एकच पुरतो, त्यात समोरच्या काठावर किंवा उतरणीच्या वाटेवर मुंगीएवढा माणूस असला की. दुसरा दाखवायचा तर पाण्याजवळ उतरल्यावरचा. मधले तेरा अल्बममध्ये.

१,४०० मारबती फोटोंसाठी तीन फेऱ्या करा. पहिली फेरी झपाट्याची, एका फोटोला दोन सेकंद, ‘ठेव’ किंवा ‘नको’. तासाभरात तीनशेवर या. तारे, रंग, गुण यांच्या भानगडीत इथे पडू नका. त्याआधी एक काम : कॅमेरा आणि मोबाइल दोन्हींनी काढलं असेल तर त्यांची घड्याळं जुळवा. मिरवणुकीतला एकच क्षण दोघांत शोधा, वेळेतला फरक काढा आणि प्रोग्राममध्ये एका संचाची वेळ तेवढी सरकवा. नाहीतर आग आधी लागते आणि मिरवणूक नंतर निघते.

दुसरी फेरी दोन-तीन दिवसांनी. इथे वर्षाप्रमाणे गठ्ठे बांधू नका. हा सगळ्यांत मोठा खड्डा. वर्षाप्रमाणे दाखवलंत की तीच मिरवणूक तीनदा निघते, तीच गर्दी तीनदा लोटते, तीच होळी तीनदा पेटते, आणि दुसऱ्या वर्षापासून पाहणारा मनात पुढचं सांगू लागतो. त्याऐवजी मारबतीच्या आयुष्याप्रमाणे गठ्ठे करा : बांबूचा सांगाडा आणि कागद, रंग चढणं, डोळे काढणं, मूर्ती झाल्यावर गल्लीतली ये-जा, नवस बोलणाऱ्या बाया, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मिरवणूक, बडगे (मिरवणुकीतले टवाळीचे पुतळे), काळी-पिवळीची भेट, गावाबाहेरची आग, राख. तिन्ही वर्षांतला त्या-त्या टप्प्याचा सगळ्यांत चांगला फोटो घ्या. तान्हा पोळा त्याच दिवशी असतो. लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं तुमच्याकडे असतील तर त्यांना मिरवणुकीच्या ऐन गोंगाटात मध्येच आणा, विसावा म्हणून.

तिसरी फेरी कागदावर. उरलेले शंभरेक फोटो ए-४ कागदावर वीस-वीस छापा, पाच कागद होतात, आणि कात्रीने सुटे करा. पंखा बंद करून फरशीवर मांडा. स्क्रीनवर एका वेळी एकच फोटो दिसतो, फरशीवर कोण कोणाचा जुळा आहे ते लगेच कळतं. एकेका फोटोवर तळहात ठेवा, तो नसताना शेजारचे दोन नीट बोलत असतील तर तो उचला. सगळ्यांत जीव जाईल तो कष्टाने मिळवलेला फोटो काढताना, कुणाच्या तरी गच्चीवर दोन तास उभं राहून काढलेला. पाहणाऱ्याला तुमचे दोन तास दिसत नाहीत.

बडग्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. बडगा त्या वर्षीच्या रागावरची टवाळी असते, ती वर्षभरात शिळी होते. इतर फोटोंना ओळ नसली तरी चालेल, बडग्याला साल हवंच. त्याच्या गळ्यातली पाटी वाचता आली पाहिजे, म्हणून एक पूर्ण बडगा आणि लगेच पाटी जवळून, असे दोन फोटो, पाटीला आठ सेकंद. पाटीचा नुसता तुकडा इंटरनेटवर टाकू नका, मिरवणुकीपासून सुटला की त्याचा अर्थ फिरतो. आणि हातात पाट्या दिलेल्या लहान मुलांचे चेहरे जवळून दाखवायचे तर घरच्यांना विचारून.

सगळ्यांना १० सेकंद देणं हीही चूकच होती. गर्दीचा भरलेला फोटो वाचायला ७-८ सेकंद लागतात, एकट्या चेहऱ्याला ४ पुरतात. एका फोटोतून दुसरा उगवायला १ सेकंद ठेवा आणि सगळीकडे तोच प्रकार. पानं उलटणं, चौकोन फुटणं हे वाढदिवसाच्या व्हिडिओला. फोटो हळू पुढे सरकवायचा असेल तर फक्त दोन-चार ठिकाणी, सहा सेकंदांत पाच टक्क्यांच्या वर नाही. तेवढ्या फोटोंची प्रत १०८० ऐवजी १३०० पिक्सेल उंच काढा, नाहीतर मोठा होताना फोटो फुटतो.

प्रोग्राम कोणता? तुम्ही स्वतः बोलणार असाल तर पॉवरपॉइंट किंवा लिब्रेऑफिस इंप्रेस, टाइमर बंद, बटण तुमच्या हातात. पॉवरपॉइंट सेव्ह करताना फोटो आपल्या मनाने दाबतो. ऑप्शन्समधल्या ॲडव्हान्स्ड भागात फोटो कॉम्प्रेस न करण्याची चौकट आहे, तिथे खूण करा आणि मगच फोटो घाला. ध्वनीवर चालणारी मारबत हवी असेल तर व्हिडिओच बनवा. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. फोटो आत घेण्याआधी टाइमलाइन १९२० × १०८० आणि सेकंदाला २५ फ्रेम्सवर ठेवा, फ्रेम्सचा आकडा नंतर बदलता येत नाही. निर्यात एमपी-४, एच.२६४, २० एमबीपीएस. दहा मिनिटांची फाइल दीड जीबीच्या आसपास होईल.

मथळ्यांची अक्षरं १०८० च्या चौकटीत ६० पिक्सेलपेक्षा लहान नकोत, देवनागरीत वेलांट्या-उकारच आधी दिसेनासे होतात. एका पाटीवर दहा-बारा शब्द. उदाहरणार्थ सुरुवातीला ‘काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असं मानतात’ एवढंच, बाकी इतिहास तोंडी. जुन्या सवयीने कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलं असेल तर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटतो. युनिकोडमध्ये लिहा, नोटो किंवा मुक्ता फॉन्ट घ्या. लॅपटॉप स्वतःचा नसेल तर मथळ्याची पाटी फोटो म्हणूनच सेव्ह करा.

जुनी गाणी काढून टाका. गाण्याला स्वतःचे शब्द असतात, लोक ते मनात म्हणू लागतात आणि डोळे नुसते उघडे राहतात. मारबतीला तर स्वतःचा आवाज आहे. ढोलताशे, ‘ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत’ची आरोळी, गल्लीतली बडबड, रात्रीच्या आगीची तडतड. तीन वर्षांत मोबाइलवर व्हिडिओ काढले असतीलच, त्यातला आवाज वेगळा करा. ढोलाजवळ मोबाइलचा माइक फाटतो, तो भाग दुरुस्त होत नाही, लांबून घेतलेला वापरा. पूर्ण दहा मिनिटं ढोल नको. मूर्ती घडतानाच्या भागात नुसती गल्ली ऐकू द्या, मग मिरवणूक आली की अंगावर येते. आवाजाचं टोक उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. स्वतःचं निवेदन घालायचं तर कपड्यांच्या कपाटासमोर, पंखा बंद करून, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरून. मिनिटाला ११०-१२० शब्दांपेक्षा घाई नको.

गाणं हवंच असेल तर कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये नफ्यासाठी नसलेल्या मंडळांना आपल्या कार्यक्रमात रेकॉर्ड वाजवायची काही मुभा आहे. तीच फाइल यूट्यूबवर टाकली की ती मुभा तिथे लागू पडत नाही, आणि यूट्यूबची यंत्रणा गाणं आपोआप ओळखते. ‘साठ वर्षं झाली, आता मोकळं’ हेही अर्धवट. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांनी संपतो, पण कवी-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोफत संगीत त्यापेक्षा बिनघोर.

कार्यक्रमानंतर सगळे म्हणतील, ग्रुपवर टाका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून पाठवतो आणि पिवळ्या रंगावर चौकोन उठतात. डॉक्युमेंट म्हणून जोडा, २ जीबीपर्यंत जातं. पण दीड जीबी कुणी उतरवून घेणार नाही. त्यासाठी १२८० × ७२० आणि ३ एमबीपीएसची वेगळी प्रत काढा, दहा मिनिटांची सव्वादोनशे एमबी होते. कुणाला टीव्हीवर पाहायचं असेल तर पेन ड्राइव्हमध्ये व्हिडिओच द्या. सुटे फोटो दिलेत तर नावं ००१, ००२ अशी हवीत, नाहीतर काही टीव्ही १ नंतर १० दाखवतात. टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असेल तर हळद नारिंगी होते, ‘सिनेमा’ मोड लावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

प्रत्यक्ष संध्याकाळी दीड तास आधी पोचा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट वर, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. शेवटची खुर्ची चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नको : १.८ मीटर रुंद चित्र १ मीटर उंच असतं, म्हणजे सहा मीटर. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर तो पडद्यापासून २.७ मीटरवर बसेल. तो चित्राच्या बरोबर मध्यावर, सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोनने चौकट सरळ करता येते, पण त्यात पिक्सेल वाया जातात आणि अक्षरं मऊ पडतात. एचडीएमआय केबल ५ मीटरची, त्याहून लांब स्वस्त केबलवर चित्र लुकलुकतं. पातळ लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर अडॅप्टर घरीच लावून पाहा, प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र बाहेर पडत नाही. विंडोज आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. एचडीएमआय लावली की आवाज बहुधा प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरकडे पळतो, तो सेटिंगमधून परत लॅपटॉपकडे वळवा आणि वायरने स्पीकरला द्या. स्लीप बंद, वाय-फाय बंद, नाहीतर काळ्या मारबतीच्या कपाळावर कुणाची तरी ‘सुप्रभात’ उमटते.

संपल्यावर लगेच ट्यूबलाइट लावू नका, पाच-दहा सेकंद काळी चौकट राहू द्या. आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली की कुणीतरी मदतीला म्हणून वायरी गुंडाळायला धावतो, त्याला आधीच सांगून ठेवा : दिव्याचा प्रोजेक्टर बटणाने बंद करायचा, आतला पंखा स्वतःहून थांबेपर्यंत प्लग ओढायचा नाही. गरम दिवा तसाच गेला तर किरायापेक्षा दिव्याचे पैसे जास्त होतात.